दस्त्याखालचा अंगठा

अलकनंदाबाई वानखडे लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी आयर्लंडला गेल्या आणि दीड वर्ष तिथेच राहिल्या. यात त्यांचा दोष काही नाही. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत नातू तनय झाला, त्याचं बारसं झालं, बाईंनी परतीची बॅगही भरून ठेवली, आणि मार्चमध्ये साऱ्या जगाची दारं लागली. विमान रद्द झालं. तिथल्या सरकारने व्हिसाची मुदत आपणहून वाढवून दिली, पुन्हा वाढवून दिली, आणि बाई राहिल्या.

लेक केतकी औषधांच्या कंपनीत, जावई विनय कॉम्प्युटर सिक्युरिटीत. घर कॉर्क शहराच्या बाहेर, एका अरुंद रस्त्यावर. रस्त्याच्या एका अंगाला चार-पाच घरं, दुसऱ्या अंगाला गायी. केतकी एका खोलीत लॅपटॉप घेऊन, विनय दुसऱ्या खोलीत, आणि दोघांचं दिवसभर एकच पालुपद, की आई, कॉल चालू आहे, हळू बोल. आता नागपूरच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलेली बाई, मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय, ती हळू बोलणार कुठून? तनय झोपला की बाई सरळ परसात जायच्या आणि कुंपणाच्या दगडी भिंतीशी उभ्या राहायच्या.

भिंतीपलीकडे कॉन टुमी. ऐंशी ओलांडलेला, उंच, डोक्यावर सदा टोपी. बायको नोरीन जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये असा हुकूम निघालेला, त्यामुळे तोही आपल्याच अंगणात अडकलेला. बाई त्याच्याशी वऱ्हाडीत बोलायच्या, तो कॉर्कच्या इंग्रजीत बोलायचा, आणि दोघंही समोरचा बहिरा आहे असं समजून जोरजोरात. केतकी खिडकीतून ओरडायची, की आई, तुला कळतं तरी का तो काय म्हणतो ते. बाईंचं म्हणणं, की न कळायला काय झालं, माणूस म्हणून म्हणून काय म्हणणार, थंडी आहे, गुडघे दुखतात आणि बायकोची आठवण येते.

बरोबर एवढंच म्हणायचा हो तो!

मग भिंतीवर डबा जाऊ लागला. वरण-भात, गोळाभात, एकदा झुणका. झुणक्याने बिचाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, पण डबा चाटून-पुसून परत आला. डब्यात कधी अंडी यायची, कधी मातीसकट बटाटे. एका सकाळी पाहतात तर कॉनने आपल्या बागेतला एक पट्टा खणून, भुसभुशीत करून ठेवलेला, आणि तो बोटाने दाखवत होता, की हा तुमचा, यात पेरा काय पेरायचं ते. बाईंनी मेथी पेरली. मेथी उगवली त्या दिवशी त्यांनी त्याला पहिल्यांदा टुमीभाऊ म्हटलं.

पण खरी गोष्ट सप्टेंबरची. नागपुरात तेव्हा रोज माणसं जात होती, आणि त्यांत बाईंचा थोरला भाऊ गेला. नरेशभाऊ. ज्याने बाईंना सायकल शिकवली, वडिलांशी भांडून शिवणाच्या क्लासला घातलं, नवरा लवकर वारल्यावर ज्याने कधी हात आखडता घेतला नाही, तो भाऊ. बातमी फोनवर आली. जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिथेही घरच्यांना जवळ जाऊ दिलं नाही, महापालिकेची माणसंच सगळं उरकणार होती. बाई स्वयंपाकघरात बसून राहिल्या. शेजारच्या खोलीत कॉल चालू असल्यासारख्या, आवाज न काढता रडल्या. त्या दिवशी कोणाचाच कॉल नव्हता, तरीही.

केतकीने कॉनला सांगितलं. तो एवढंच विचारून गेला, की दहन किती वाजता. तिने हिशोब करून सांगितलं, की उद्या, इकडे सकाळ असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनयने पडदा सरकवला आणि सासूबाईंना हाक मारली. बारीक पाऊस होता. रस्त्याच्या कडेने, एकमेकांपासून अंतर राखून, त्या चार-पाच घरांतली माणसं उभी होती. काळे कपडे घातलेली. सगळ्यांत पुढे कॉन, काळ्या सुटात, टोपी हातात, डोकं भिजलेलं. करोनात त्या देशात लोक असंच करत होते. अंत्ययात्रेत जाता येईना, तर गाडी ज्या रस्त्याने जाणार त्या रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. इथे गाडी येणार नव्हती. ज्या माणसासाठी ते उभे होते त्याला त्यांच्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं, त्याचं नावही धड कोणाला घेता आलं नसतं. तरी उभे राहिले. बाई दारात आल्या, हात जोडले, आणि तेव्हा कुठे त्यांना मोकळं रडू फुटलं. त्या अजून सांगतात, की माझ्या भावाला खांदा द्यायला मी नव्हते, पण त्याच्यासाठी परमुलखात माणसं पावसात भिजली, हे उपकार फिटायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मथळ्यातला दस्ता बंदुकीचा, तर बंदूक कुठे आहे. येते, सांगते.

महिन्याभराने दसरा आला. देश पुन्हा कडकडीत बंद झालेला, पण एकट्या माणसाला एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती. त्याला तिथे बबल म्हणत. कॉनला सख्खी पुतणी होती डब्लिनला, तरी त्याने बबल केला तो वानखड्यांच्या लेकीशी. दसऱ्याला बाईंनी शस्त्रं पुजायला काढली म्हणजे विळी काढली, कात्री काढली, जावयाचा लॅपटॉप ओढून आणला. कॉन दारात उभा राहून बघत होता. केतकीने त्याला सांगितलं, की आज आम्ही हत्यारं पुजतो. तर तो म्हणाला, थांबा मग, हत्यारं माझ्याकडे आहेत.

त्याच्या मागच्या खोलीत भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं लोखंडी कपाट होतं. त्यात तीन बंदुका, तिन्ही परवान्याच्या. एक त्याच्या वडिलांची दुनळी, एक त्याची स्वतःची, आणि तिसरी हलकी, बारीक नळ्यांची, ती नोरीनची. मातीच्या चकत्या हवेत उडवून त्या फोडायचा खेळ असतो, त्यात नोरीन भल्याभल्या पुरुषांना पाणी पाजायची म्हणे, नवऱ्याला तर हटकून. कॉनने एकेक बंदूक बिजागरीशी दुमडून उघडली, नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि टेबलावर ठेवली. विनय दोन पावलं मागे सरला. अलकनंदाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दुनळी अशी उचलली, की कॉन बघतच राहिला.

कारण बाईंचं माहेर उमरेडकडचं. रान जवळ, पिकात रानडुकरं, त्यामुळे पीक राखायला वडिलांकडे परवान्याची बंदूक. गावात तशा दहा-बारा. निवडणूक आली की सगळ्या ठाण्यात जमा करायच्या, निवडणूक झाली की परत आणायच्या. एकदा परत आणली ती भलत्याचीच निघाली, दस्ता तडकलेला. वडिलांनी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून नरेशभाऊंनी एक रीत पाडली. दर दसऱ्याला बंदुकीच्या दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाची, टोकाची पट्टी स्क्रू काढून उघडायची. जवसाच्या तेलात कुंकू घट्ट मळायचं आणि आतल्या कोऱ्या लाकडावर घरच्या लेकीचा अंगठा उमटवायचा. जवसाचं तेल वाळलं की कुंकू धरून ठेवतं, पुसता पुसत नाही. वर पट्टी लावून टाकायची. ठाण्यात दहा बंदुका एकसारख्या दिसल्या तरी आपली कोणती ते आपल्याला ठाऊक. आणि अंगठाही असा, की दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नाही. शिवण शिकताना बाईंच्या उजव्या अंगठ्यात मशिनची सुई आरपार गेली होती, तिची आडवी खूण ठशात दिसते.

हे सगळं केतकीने इंग्रजीत सांगितलं. तिलाही ते नवीनच होतं. कॉन शेडमध्ये गेला आणि बाटली घेऊन आला. जवसाचं तेल! बंदुकीच्या लाकडाला तोही तेच चोळायचा, त्याचे वडीलही तेच. बाईंनी वास घेतला आणि डोळ्याला पदर लावला. नरेशभाऊ गेल्यावर तो अंगठा आता कोणासाठी उमटवायचा हे त्यांना उमगत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तो नोरीनच्या बंदुकीवर उमटवला. तीच का, तर कॉनने तीच पुढे केली. मग तिन्ही बंदुका त्याच्या दारात पाटावर मांडल्या, कॉनच्या बागेतली झेंडूची फुलं वाहिली, रांगोळी काढली, आणि केतकीने फोटो काढला. मधोमध कॉन, टोपी नीट केलेला, हसतोय, मागे त्याच्या घराच्या नावाची पाटी.

चूक झाली ती इथे. कॉर्कमधल्या मराठी मंडळींनी फेसबुकवर दसऱ्याची फोटोस्पर्धा ठेवली होती. केतकीने फोटो तिथे टाकला, सगळ्यांना दिसेल असा. आपल्याकडे शस्त्रपूजेचा फोटो टाकताना कोणी विचार करतं का? जग भरभरून लाइक करत होतं, पहिलं बक्षीसही मिळालं. दिवसभर लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या विनयनेसुद्धा फोटोखाली बदाम टाकला.

जानेवारीत कॉनच्या छातीत दुखलं आणि त्याला इस्पितळात नेलं. घर रिकामं. विनयने त्याच्या अंगणात कॅमेरा बसवलेला होता, पण दगडी भिंतींतून वायफाय पोचेना, आणि कॅमेऱ्यात सापडली ती एक गाय. चोरांनी मागचं दार फोडलं, कपाट पहारीने भिंतीतून उपटलं आणि सगळंच्या सगळं घेऊन गेले.

कॉन घरी आला तेव्हा त्या खोलीत भिंतीला चार भोकं होती. तो खुर्चीवर बसला. केतकीने चहा पुढे केला, तर त्याने नुसती मान हलवली. मग म्हणाला,

"बाकीच्या दोन बंदुका होत्या. ती नोरीन होती."

तपासाला आलेल्या सार्जंटने, म्हणजे तिथल्या पोलिसातल्या एका सभ्य बाईने, विचारलं, की घरात बंदुका आहेत हे कोणाकोणाला ठाऊक होतं. केतकीचा चेहरा पांढरा पडला. तिने फोन काढून फोटो दाखवला. सार्जंटने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, की यावरूनच आले असं सांगता येणार नाही, दुसऱ्या कशावरूनही आले असतील, पण अशा गोष्टी चारचौघांत टाकू नयेत. केतकीने फोटो तिथल्या तिथे काढून टाकला. आता काढून काय उपयोग!

अलकनंदाबाईंनी भिंतीशी जाणं सोडलं. तोंड कसं दाखवायचं? ज्याने आपल्या भावासाठी डोकं उघडं ठेवून पाऊस झेलला, त्याच्याच घरात आपण चोराला वाट दाखवली, हे त्यांच्या मनातून जाईना. डबा विनय नेऊन ठेवायचा. बाई खिडकीशी बसून पाहायच्या, रिकामा डबा परत आला की घासायच्या. जेवण जात नव्हतं. केतकीला त्या म्हणाल्या, की ती बंदूक सापडली नाही तर मी नागपूरला कोणत्या तोंडाने जाऊ.

शेवटी कॉनच आला. काठी टेकत, धापा टाकत, दारात. हातात डबा. केतकीला म्हणाला, की तुझ्या आईला सांग, तिचं जेवण चांगलं आहे पण भिंत ओस पडली आहे. आणि तो फोटो मला हवा आहे, मोठा करून, चौकटीत लावून. नोरीनच्या बंदुकीला तिच्यानंतर कोणी फुलं वाहिली नव्हती. बाई आत उभ्या राहून ऐकत होत्या. केतकीने मराठीत सांगण्याआधीच त्यांना ते कळलं होतं. त्या बाहेर आल्या, डबा घेतला आणि कॉनला बळेच खुर्चीत बसवून शिरा खायला घातला.

ईस्टरनंतर सार्जंटचा फोन आला. गस्तीच्या गार्डांनी, पोलिसांना तिकडे गार्ड म्हणतात, एक गाडी अडवली, तिच्या मागच्या भागात चादरीत गुंडाळलेल्या बंदुका निघाल्या. कॉनच्या दोन त्यांत नव्हत्या, पण बारीक नळ्यांची एक होती. अडचण अशी, की जिथे जिथे नंबर कोरलेला असतो तिथे तिथे तो घासून टाकलेला. आणि शेजारच्या टिपररी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचीही अगदी तशीच, त्याच कारखान्याची बंदूक चोरीला गेलेली. तो शपथेवर सांगत होता, की ही माझी. माणूस खोटा नव्हता, त्याचीही खरंच गेली होती. प्रयोगशाळेत पाठवून नंबर कदाचित उठवता येईल, पण तिथे रांग मोठी, किती महिने लागतील सांगवत नाही. आणि मालक ठरला नाही, तर शेवटी अशी बंदूक सरकारजमा होऊन नष्ट होते.

कॉनकडे महिने होते कुठे? हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्टच सांगितलं होतं. तो म्हणाला, की जाऊ द्या. हे ऐकून बाई पोळी तव्यावर टाकून उठल्या.

"जाऊ द्या कायले? चपला घाल केतकी. मले ठाण्यात ने."

तर सगळे ठाण्यात गेले, तोंडावर मास्क बांधून. टेबलावर ती बंदूक, प्लॅस्टिकमध्ये. टिपररीचा शेतकरीही आलेला, हातात टोपी धरून उभा. सार्जंटने कॉनला विचारलं, की ओळखीची खूण काय. कॉनने नुसतं अलकनंदाबाईंकडे पाहिलं. बाई पुढे झाल्या. मधल्या काळात चोरांनी पट्टी उघडली असेल, लाकूड तासलं असेल, तेल नीट धरलं नसेल, काय सांगावं. पण आवाज ठणठणीत होता, शिवणाच्या वर्गातला.

"उघडून पाहा म्हणा तिले. दस्त्याच्या आतमंधी माझा अंगठा हाय. लाल. आणि त्याच्यात आडवी रेघ हाय."

केतकीने ते जसंच्या तसं सांगितलं. सार्जंटने आधी ते लिहून घेतलं, मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने हातमोजे घालून पहिला स्क्रू काढला. दुसरा गंजलेला, फिरेना. कॉन भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून. शेवटी तोही फिरला आणि पट्टी सुटली.

लाकडावर अंगठा होता. थोडा काळपटलेला, पण लालच, आणि मधून जाणारी पांढरी रेघ. सार्जंट वाकून पाहत राहिली. अलकनंदाबाईंनी आपला उजवा अंगठा तिच्यासमोर धरला. टिपररीचा शेतकरी जवळ आला, त्याने पाहिलं, आणि कॉनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की ही तुझीच रे बाबा. त्याची मात्र अजून सापडलेली नव्हती, याचं बाईंना फार वाईट वाटलं. नंतर त्यांनी केतकीकरवी त्याला रीत समजावून सांगितली, तेलासकट.

मग जबाब लिहायचा होता. नाव झालं, वय झालं. सार्जंटने विचारलं, की मिस्टर टुमींशी तुमचं नातं काय? केतकी सांगू लागली, की नातं काही नाही, शेजार आहे, म्हणजे शेजारणीची आई. बाईंनी लेकीचा दंड धरून तिला थांबवलं. प्रश्न त्यांना कळला होता.

"सिस्टर," त्या म्हणाल्या.

सार्जंटने कॉनकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आलेले होते, पण आवाज रोजचाच होता. म्हणाला, "आहेच मुळी. लिहा."

आणि लिहिलं की तिने!

बंदूक हातात यायला पुढे काही आठवडे गेले. नवीन कपाट आलं, भिंतीत खोलवर बसवलेलं, घंटा वाजणारं. विनयने वायफायचं झेंगट एकदाचं मिटवलं, आणि गाय आता स्पष्ट दिसते. बंदूकवाल्याने नवीन नंबर ठोकून दिला. दस्ताही साफ करून देतो म्हणाला, तर कॉनने त्याला पट्टीला हात लावू दिला नाही.

जुलैमध्ये विमानाचं तिकीट मिळालं. निघायच्या सकाळी बाई भिंत ओलांडून कॉनकडे गेल्या, केतकी तनयला कडेवर घेऊन मागोमाग. टेबलावर नोरीनची बंदूक होती, पट्टी उघडून ठेवलेली. शेजारी जवसाच्या तेलाची बाटली आणि बशीत तेलात मळलेलं कुंकू. कुंकू त्याने केतकीकडून मागून घेतलं होतं. बाईंना वाटलं, की ठसा नव्याने उमटवायचा असेल, म्हणून त्या अंगठा बुडवायला गेल्या. कॉनने मान हलवली. त्याने स्वतःचा म्हातारा अंगठा बशीत बुडवला आणि त्यांच्या ठशाच्या शेजारी टेकवला. मग म्हणाला, की तुझ्या भावाच्या घरी दर दसऱ्याला बहिणीचा अंगठा लागायचा. आता तू इथे नसशील. म्हणून या वेळी भावाचाही राहू दे.

बाईंनी वाकून त्याच्या पायाला हात लावला. कॉन गडबडला, त्यालाही वाकायचं होतं की काय कोण जाणे, शेवटी दोघांनी एकमेकांचे हात धरले.

गाडी निघाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता, त्याच जागी, जिथे सप्टेंबरात उभा होता. या वेळी काळा सूट नव्हता, साधा स्वेटर होता. त्याने टोपी काढली आणि दुसरा हात वर केला. बाई काच खाली करून, अर्ध्या बाहेर वाकून पाहत राहिल्या. अंगठा त्याने अजून धुतला नव्हता.